पेव फुटलं म्हणजे नेमकं काय फुटलं?



गेल्या आठवड्याच्या टपालात एक छोटंसं पत्र आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी विचारतात, ‘गल्लोगल्ली शिकवण्यांचं पेव फुटलंय, असं आपण सर्रास म्हणतो. पण हे पेव म्हणजे काय? माझी नववीतली मुलगी म्हणते, पेव म्हणजे गळू असणार, नाहीतर ते फुटेल कसं?’

मुलीचा तर्क वाईट नाही हं! शहरात वाढलेल्या मुलांनी पेव बघायचं कुठे? आपल्यापैकी कितीजणींनी तरी पाहिलंय? शब्द तेवढा तोंडात राहिला आणि वस्तू नजरेआड झाली. तेव्हा आज या पेवातच उतरून बघू या. उतरताना जरा जपूनच उतरायचं, का ते पुढे येईलच.

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला मोठा खड्डा. पण नुसता खड्डा म्हटलं तर त्याचा अपमान होईल. आपली पाण्याची घागर असते ना, तोंड अरुंद आणि पोट मोठं, तशी एक अजस्र घागर जमिनीच्या पोटात कोरली आहे अशी कल्पना करा. वरचं तोंड एक माणूस आत उतरेल एवढंच. आत मात्र शिडी लावल्याशिवाय तळ गाठता येत नाही. जागा निवडायची ती घट्ट मातीची, पाणी न झिरपणारी. तळाला आणि भोवताली कडबा, पाचट, भुसा यांचा जाड थर द्यायचा म्हणजे जमिनीची ओल धान्याला लागत नाही. मग उन्हात खडखडीत वाळवलेली ज्वारी आत ओतायची ती अगदी गळ्यापर्यंत. तोंडावर पुन्हा कडबा, त्यावर दगडी फरशी, फरशीवर माती, आणि वरून सारवण. झालं! वरून गुरं चालली, पोरं खेळली, तरी खाली वर्षाची बेगमी आहे हे परक्याच्या लक्षातसुद्धा येऊ नये.

आत धान्य टिकतं कसं, हे मात्र मोठं गमतीचं आहे. ज्वारीचा दाणा आपल्याला निर्जीव वाटतो, पण तो श्वास घेत असतो. पेवाचं तोंड बंद केलं की आतल्या थोड्याशा हवेतला प्राणवायू दाणे आणि त्यांच्यातले किडे मिळून संपवून टाकतात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो. मग किड्यांचा जीव गुदमरतो आणि दाणा नुसता निजून राहतो. ना औषध, ना फवारणी. भिंतीलगतच्या धान्याचा रंग थोडा काळवंडतो, पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास येतो, आणि तो जुन्या माणसांना लांबूनही ओळखता येतो. पण दुष्काळाच्या वर्षी त्या वासाला कोण नाक मुरडणार?

आता जपून उतरा असं का म्हटलं, ते लक्षात आलं ना? ज्या हवेत किडे मरतात त्याच हवेत माणूसही मरतो. पेव उघडलं आणि लगेच आत उडी घेतली, असं करून जीव गमावलेल्या माणसांच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. म्हणून तोंड उघडून पेव बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोराला बांधून कंदील खाली सोडायचा, आणि तो विझला तर माणसाने उतरायचं नाही, अशी रीत होती. (ही रीत जुन्या काळची. कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगलीच आहे, अशी खात्री नसते. तेव्हा बंद टाकी, जुनी विहीर, असल्या जागी आज कुणी केवळ या भरवशावर उतरू नये.)

जाता जाता घरातल्या कोठीचंही सांगून ठेवते. तोच नियम तिथे लागू आहे. पत्र्याची कोठी गच्च भरलेली असली की आत हवा कमी राहते आणि गहू चांगला टिकतो. अर्धी रिकामी कोठी म्हणजे किड्यांना मोकळं रानच. म्हणून एका मोठ्या कोठीतून वर्षभर उपसत बसण्यापेक्षा दोन-तीन लहान कोठ्या भरून, घट्ट झाकणं लावून, एकेक संपवत जावी. आणि उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना कधी भरू नये. आत वाफ धरते आणि धान्याला घाम सुटतो. सावलीत पसरून गार झालं की मगच भरायचं. मग कडुनिंबाचा पाला घाला, बिब्बे घाला, ज्याच्या त्याच्या घरची रीत.

पेव किती जुनं? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते. त्यांची घरं, चुली सापडल्या, आणि धान्य ठेवायची जमिनीतली पेवंही सापडली. एक पाच खोल्यांचं मोठं घर आहे, ते गावच्या प्रमुखाचं असावं असं म्हणतात, आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार आहे. म्हणजे बघा, अजून लोखंडाचा नांगर यायचा होता, पण पुढच्या पावसापर्यंत घर कसं चालवायचं ही काळजी तेव्हाच्या बाईलाही होतीच!

धान्य जमिनीखाली का ठेवायचं, याची कारणं सरळ आहेत. घराला आग लागली तरी खालचं धान्य जळत नाही. उंदीर पोचत नाहीत. आणि फौजा, पेंढारी, दरोडेखोर आले की माणसं गाव सोडून पळत, तेव्हा गाडीभर धान्य डोक्यावर घेऊन कोण पळणार? ते तिथेच झाकून जायचं. परत आल्यावर घर मोडलेलं असलं तरी बियाणं शिल्लक असायचं.

सगळी पेवं ज्वारीचीच असत असं नाही. सांगलीजवळ हरिपूर आहे, कृष्णा आणि वारणेचा संगम आहे तिथे. तिथली घट्ट माती पेवांना इतकी मानवली की व्यापाऱ्यांची हळद पिढ्यान् पिढ्या तिथल्या पेवांत ठेवली जाई. वर्षं गेली तरी किडत नसे, रंगही टिकून राहत असे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कीर्तीत या मातीतल्या घागरींचा वाटा मोठा आहे. पण जमिनीतल्या साठ्याला एकच शत्रू, पाणी. २००५ च्या महापुरात नदी पेवांत शिरली आणि तिथल्या पेवांचं फार मोठं नुकसान झालं.

आता वळू या मूळ प्रश्नाकडे. इतक्या निगुतीने झाकून ठेवलेली ही वस्तू फुटते म्हणजे काय होतं? झाकण सरकतं किंवा पेव कुठूनतरी खचतं आणि इतके दिवस कुणाला न दिसलेला साठा एकाएकी भसाभस वर येतो. जिथे काल काही नव्हतं तिथे आज ढीग! म्हणून शिकवण्यांचं पेव फुटतं, सौंदर्यप्रसाधनगृहांचं पेव फुटतं, निवडणुकीआधी आश्वासनांचं पेव फुटतं. गंमत अशी की चांगल्या गोष्टीचं पेव फुटलं, असं आपण क्वचितच म्हणतो. ज्या पेवाने माणसं जगवली त्याचं नाव आता अति झालेल्या, नकोशा गर्दीला आपण देऊन बसलो आहोत. भाषा कधीकधी अशी कृतघ्न होते.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगा, तिला ती नक्की आवडेल. आपल्या फोनमध्ये मधूनच ‘कॅशे’ साफ करा, असं येतं ना? पुष्कळजणींना वाटतं, आपले पैसेच साफ होणार! तो शब्द फ्रेंच ‘काशे’ या क्रियापदावरून आलेला, त्याचा अर्थ लपवणे. उत्तर अमेरिकेत कातडी मिळवण्यासाठी रानोमाळ हिंडणारे फ्रेंच शिकारी जास्तीचं सामान जमिनीत पुरून ठेवत आणि त्या खड्ड्यालाच ‘काश’ म्हणत. १८०५ साली लुईस आणि क्लार्क या दोघांची तुकडी मिसुरी नदीच्या वाटेने पश्चिमेकडे निघाली होती. त्यांनीही असे खड्डे खणवले. आकार कसा? वर अरुंद तोंड, आत किटलीसारखं पोट. म्हणजे अगदी आपलं पेव! त्यातल्या एकात नदीचं पाणी शिरलं. दुसऱ्या वर्षी लुईसने उघडून बघितलं तर अस्वलांची कातडी कुजलेली आणि गोळा केलेले वनस्पतींचे नमुने नासलेले. हरिपूरचं दुःख त्यालाही कळलं असतं. पुढे १९६८ च्या सुमारास संगणकवाल्यांना, पटकन हाताशी लागणारा पण वापरणाऱ्याला न दिसणारा साठा, यासाठी शब्द हवा होता. त्यांनी हाच उचलला. तेव्हा फोनमधला कॅशे म्हणजे फोनचं पेवच आहे, साफ केलं तर पैसे जात नाहीत.

साठ्याचे आपले बाकीचे शब्द तसे उघडेवाघडे. कोठार संस्कृतातल्या ‘कोष्ठागार’ वरून आलं, भांडार ‘भाण्डागार’ वरून, म्हणजे भांड्यांचं घर. खजिना अरबीतून आला. आणि त्याच अरबी धातूतून ‘मखझन’, त्याचं अनेकवचन ‘मखाझिन’, म्हणजे कोठारं. ते युरोपात फिरत फिरत इंग्रजीत ‘मॅगझिन’ झालं. १७३१ साली लंडनला एका नियतकालिकाने ते नाव घेतलं, नानाविध मजकुराचं कोठार म्हणून. दुपारी सगळं आवरल्यावर तुम्ही हातात घेता ते हे साप्ताहिकसुद्धा, शब्दाच्या नात्याने, एक कोठारच आहे!

वाड्यातलं बळद मात्र पेवाचं घरातलं भावंड. दोन भिंतींच्या मधे धान्यासाठी बंदिस्त जागा सोडलेली, वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. भोकाला बोळा. नव्या सुनेला बळदाचा बोळा काढायला सांगितला की ती घरची झाली, असं समजायला हरकत नव्हती.

पण आपल्या, बायकांच्या, अगदी जवळचा शब्द वेगळाच आहे. गंगाजळी! काशीहून येताना गंगेचं पाणी तांब्याच्या किंवा पितळेच्या गडूत आणायचं, तोंड डाख देऊन बंद करायचं, घरी पूजा आणि मावंदं करायचं आणि गडू देवघरात ठेवायचा. त्या पाण्याला एरवी कुणी हात लावायचा नाही. ते फक्त शेवटच्या क्षणी, तुळशीच्या पानासह, जाणाऱ्याच्या मुखात घालायचं. या गडूवरून, सहसा हात न लावता ठेवलेल्या पैशाला गंगाजळी म्हणू लागले. आता वर्तमानपत्रांत देशाच्या परकीय चलनाच्या साठ्यालाही गंगाजळीच म्हणतात. १९९१ साली ती इतकी आटली होती की जेमतेम काही आठवड्यांची आयात भागली असती. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशी तारण ठेवलं. देशभर केवढी चर्चा झाली! पण अडीनडीला पाटल्या तारण ठेवून वेळ निभावलेल्या बाईला त्यात नवल काय वाटणार?

या दोन शब्दांत मला एक साम्य दिसतं. दोन्ही साठे चोरापासून लपवलेले आहेत हे खरंच, पण त्याहून जास्त ते स्वतःच्या हातापासून लपवलेले आहेत. पेवाचं तोंड लिंपलं की रोजच्या पोळी-भाकरीसाठी त्यात हात जात नाही. गडूचा डाख उठता-बसता फोडता येत नाही. घरातली बाई तूरडाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, फडताळातल्या कागदाखाली नोटा ठेवते, तेही असंच. लोक हसतात, नवऱ्यापासून लपवते म्हणतात. मला ते पटत नाही. ती पैसे लपवते ते आजच्या गरजेपासून, उद्याच्या गरजेसाठी. आज दिसले तर आजच खर्च होतील, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ही सगळी पेवं एकदम फुटली. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि डाळीच्या डब्यातल्या गंगाजळ्या बँकेच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. घराघरांत ‘तुझ्याकडे एवढे होते?’ हा प्रश्न झाला. कुठे कौतुकाने, कुठे हसत, कुठे चांगलाच कडवट. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही, असं सरकारने सांगितलं होतं. तरीही एका गृहिणीने भरलेल्या दोन लाख अकरा हजार पाचशे रुपयांवर आयकर खात्याने बोट ठेवलंच. २०२१ साली आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला. घरखर्चातून आणि भेटीदाखल मिळालेल्या पैशांतून बाई वर्षानुवर्षं एवढी शिल्लक टाकू शकते, हे मान्य झालं. वास्तविक हे सांगायला न्यायाधिकरण कशाला हवं होतं? पण सांगितलं ते बरं झालं.

दागिन्यांचंही लक्षात ठेवा. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं. ते सासरी नवऱ्याच्या किंवा सासूच्या कपाटात ठेवलेलं असलं तरी ते त्यांच्याकडे सांभाळायला दिलेलं असतं, मालकी त्यांची होत नाही. मागितल्यावर ते परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच सांगितलं आहे.

मात्र पेवाची एक अडचण आपल्या गंगाजळीलाही आहे. पेव कुठे आहे हे घरात एका-दोघांनाच माहीत असायचं. ती माणसं अचानक गेली की संपलं. पेव तिथेच राहायचं, वरून पिढ्या चालत जायच्या. पैशाचं तसं झालं की त्याचं गुप्तधन होतं. आणि गुप्तधन सापडलं तरी ते आपोआप सापडणाऱ्याचं होत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

आता धन जमिनीत पुरत नाहीत, ते बँकेत पुरतात. माहेरच्या गावी उघडलेलं खातं, लग्नाआधीच्या नोकरीतली मुदत ठेव, आईने आपल्या नावावर टाकलेले दोन हजार. दहा वर्षं त्याला कुणी हात लावला नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. २०१४ पासून अशी पद्धत आहे. घाबरू नका, पैसे बुडत नाहीत. खातेदाराला किंवा वारसाला ते मागता येतात. शोधायची सोयही २०२३ पासून झाली आहे, रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून बघायचं. मुलांना सांगितलंत तर पाच मिनिटांत बघून देतील. आईच्या, आजीच्या, मावशीच्या नावानेही बघा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही घालून बघा बरं का! खाती बहुतेक तिथेच हरवतात.

आणि एक साधी वही करा. कुठल्या बँकेत काय आहे, लॉकर कुठे, किल्ली कुठे, भिशीची पाळी कधी, सोनाराकडे काय ठेवलंय, विम्याची पॉलिसी कुणाच्या नावाची, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय. डाळीच्या डब्यातले लिहायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वही कुठे आहे हे एका माणसाला सांगा. नवऱ्याला सांगा, मुलीला सांगा, पाठच्या बहिणीला सांगा. ज्याच्या हातात डाख फोडायची घाई नाही, असं माणूस निवडा म्हणजे झालं.

कोकणातल्या भगिनी म्हणतील, आमच्याकडे पेव कुठलं, आमचे भाताचे मुडे! खरं आहे. पावसाच्या मुलखात जमिनीत साठवणार कसं? तिथे भात पेंढ्यात बांधून मुडे करायचे. तुमच्या भागात धान्य लपवायच्या किंवा साठवायच्या जागेला काय म्हणतात, आणि त्या शब्दावरून एखादी म्हण आहे का, हे जरूर कळवा. खानदेश आणि विदर्भातून फारशी पत्रं आलेली नाहीत, त्यांची मी विशेष वाट बघते आहे.